पाण्यावरची खोली

सातारा, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे असे डॉक्टर म्हणतात, आणि सुधाचा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. यापलीकडे आरोग्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पत्र लिहावयास बसलो आहे, कारण हीच गोष्ट फोनवर सांगितली असती तर पहिल्याच वाक्याला तू "घेऊन टाक" म्हणाला असतास आणि उरलेले सर्व मला वहिनींना सांगावे लागले असते.

मालदीवचे तुला मनीषाकडून कळलेच असेल. आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी तिने आणि जावयांनी जून महिन्यात तिथल्या बा अ‍ॅटॉलमधील, म्हणजे प्रवाळबेटांच्या एका कड्यातील, एका बेटावर आमची ऑल-इन्क्लुझिव्ह सोय केली आहे, म्हणजे जेवणखाण, चहा, सरबते, तुझ्या आवडीची पेये आणि खोलीतल्या फ्रीजमधल्या बाटल्या हे सारे आधीच भरलेल्या पैशांत. खोली घेतली आहे ती किनाऱ्यावरची, ज्याला ते बीच व्हिला म्हणतात. इथवर कोणतीही अडचण नव्हती. गेल्या मंगळवारी मात्र रिसॉर्टकडून मला मेल आला की आपली खोली पाण्यावरच्या व्हिलात बदलून हवी असल्यास बोली लावावी. भाव सांगितलेला नाही. आपण लावायची बोली! पडद्यावर एक सरकता काटा आहे. तो डावीकडे ओढला की "शक्यता कमी" असे लाल अक्षरांत उमटते आणि उजवीकडे ओढत नेला की अक्षरे हळूहळू हिरवी होतात. बँकेत असताना तारण सोन्याचे लिलाव मी घेतले आहेत, पण तिथे निदान दुसरे बोली लावणारे समोर बसलेले दिसत. इथे माझी चढाओढ माझ्याशीच चालली आहे, आणि परवा रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा काटा आणखी दोन बोटे उजवीकडे सरकवून आलो.

काटा हिरवा होतो तो रात्रीला दोनशे डॉलरच्या सुमारास. पण तू वाणिज्य शाखेचा असूनही कधी न वाचलेली बारीक अक्षरे मी वाचली आहेत. या दोनशेवर दहा टक्के सेवाशुल्क लागते, म्हणजे दोनशे वीस झाले; आणि त्यांचा पर्यटन वस्तू-सेवा कर, जो जुलै २०२५ पासून सोळाचा सतरा टक्के झाला आहे, तो मूळ रकमेवर नव्हे, तर सेवाशुल्कासह झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे एकूण २५७.४० डॉलर. रुपयांत हे रात्रीला बावीस-तेवीस हजार होतात, आणि ते केवळ खोलीतल्या फरकाचे. मूळ खोलीचे पैसे मनीषाने भरलेले आहेतच. एक माणशी हरित कर तेवढा खोली बदलल्याने वाढत नाही, तो दिवसाला बारा डॉलर दोन्हीकडे सारखाच. हे वाचून मला किती समाधान वाटले, हे तुला सांगायला नको.

आता ही बोली आमच्याच वाट्याला का आली, याचाही मी विचार केला. मालदीवचा मुख्य हंगाम डिसेंबर ते एप्रिल, जेव्हा वारे ईशान्येकडून येतात आणि आकाश मोकळे असते. मे ते नोव्हेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, ज्याला ते हुळांगू म्हणतात; तेव्हा दर उतरतात आणि महागड्या खोल्या रिकाम्या राहतात. रिकाम्या खोलीचे रिसॉर्टला काहीच मिळत नाही, म्हणून ज्याने एकदा पैसे भरलेले आहेत त्याच्याच खिशात दुसऱ्यांदा हात घालून पाहणे हा त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑल-इन्क्लुझिव्ह ठिकाणी तर त्यांना दुसरा मार्गच उरत नाही, कारण सर्वांचे ताट सारखे, पेला सारखा आणि समुद्रही सारखाच. माणसामाणसांत फरक करून विकण्याजोगी एकच वस्तू शिल्लक राहते, ती म्हणजे खोली.

गंमत अशी की पाण्यावर खोल्या बांधण्याची ही युक्ती मालदीवची नव्हेच. ती फ्रेंच पॉलिनेशियातली. तिथल्या रायातेआ नावाच्या बेटावर हॉटेल चालवणाऱ्या तिघा अमेरिकन मित्रांनी १९६७ मध्ये प्रथम अशा खोल्या खांबांवर उभ्या केल्या, आणि कारण इतकेच की त्यांच्या हॉटेलला धड किनारा नव्हता. म्हणजे किनारा नाही म्हणून जी तडजोड केली, तीच आज जिथे पांढऱ्याशुभ्र वाळूचा किनारा दाराशी आहे अशा देशात किनाऱ्याहून महाग विकली जाते! हे मी सुधाला जेवताना ऐकवले, तर ती म्हणाली, "अविनाश भावोजींनी तरीसुद्धा घेतली असती."

तू घेतली असतीस, यात मला तिळमात्र शंका नाही. गणपतीपुळ्याच्या त्या लॉजमध्ये समुद्राकडच्या खोलीसाठी तू जादा पैसे मोजलेस, तेव्हा ज्येष्ठाचा पाऊस बाहेर कोसळत होता आणि खिडकीची कडी खाऱ्या हवेने अशी गंजली होती की मॅनेजरलाही ती उघडता आली नाही. समुद्राची गाज ऐकू येत होती, हा तुझा युक्तिवाद मी तेव्हाही मानला नव्हता आणि आजही मानत नाही, कारण ती मागच्या बाजूच्या खोल्यांतही तितकीच ऐकू येत होती; मी रात्री मुद्दाम जाऊन खात्री करून घेतली होती. निवळी फाट्यापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. तिथे वडापावचे पैसे कोणी द्यायचे यावरून बोलणे पुन्हा सुरू झाले, हे तुझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

हा ज्येष्ठ तिथेही आड येणार आहेच. पाण्यावरच्या व्हिलांत सूर्यास्ताच्या बाजूचे अधिक महाग असतात आणि बोली लावायची ती त्यांच्यासाठीच. पण जूनमध्ये वारा पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे जास्त पैसे भरून आपण लाटा आणि वारा यांच्या तोंडाशी बसायचे, आणि सूर्यास्त ढगांमागे होणार असेल तर तो झाला असे मानून आत यायचे. उगवतीची बाजू त्या दिवसांत त्या मानाने शांत असते, स्वस्तही असते. मात्र त्यांच्या यादीत ती बोलीसाठी ठेवलेलीच नाही. शिवाय या खोल्या बहुतेक वेळा उथळ, वाळूच्या तळाच्या खाजणावर उभारलेल्या असतात, कारण खांब तिथे सोयीने रोवता येतात; मासे असतात ते प्रवाळाच्या कडेला. खोलीतून थेट शिडीने समुद्रात उतरता येते, हे खरे, परंतु शिडीखाली काय आहे, हे छायाचित्रात कोणी दाखवत नाही. आपण दोघे कृष्णेच्या डोहात पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. मला कमरेइतक्या पाण्यात उतरवण्यासाठी कोणी डॉलर घेऊ नयेत. किनाऱ्यावरून चालत जाऊन प्रवाळकडेपर्यंत पोहता येणारी खोली मला अधिक मोलाची वाटते, आणि ती आमच्या नावावर आहेच.

त्याहून मोठा मुद्दा निराळाच आहे. बा अ‍ॅटॉलमध्ये हानिफारू नावाचे एक छोटे आखात आहे, जिथे याच पावसाळी वाऱ्यांत सूक्ष्म जीवांनी भरलेले पाणी प्रवाहाबरोबर येऊन कोंडते आणि ते खाण्यासाठी मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे जमतात, कधी देवमाशाएवढे व्हेल शार्कही. सारा अ‍ॅटॉल २०११ पासून युनेस्कोचे संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे, आणि त्या आखातात पाठीवर सिलिंडर बांधून उतरण्यास बंदी आहे. वरून तरंगत नळीने श्वास घेत पाहायचे, एवढीच मुभा. ही सहल ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये नाही. म्हणजे ज्या वाऱ्यामुळे पाण्यावरच्या खोलीची किंमत वसूल होणार नाही, त्याच वाऱ्यामुळे ही सहल सार्थकी लागते, आणि एका रात्रीच्या फरकातही तिचा खर्च निघून काही उरते. हिशेब इतका स्वच्छ असल्यावर मी काटा डावीकडे ओढून मेल पुसून टाकायला हवा होता.

तो पुसला नाही, त्याला दोन कारणे आहेत. पहिले तुला सर्वांत आधी कळेल. नानांनी तुझ्या-माझ्यासाठी हौसेने काढून दिलेली दुसऱ्या वर्गाची तिकिटे आपण टीसीला फरक भरून पहिल्या वर्गात बदलून घेतली, आणि ते कळल्यावर नाना पुढे कितीतरी महिने "साहेबलोक आले का?" असे विचारत राहिले, ते तुला आठवत असेलच. मुलीने आणि जावयाने आपल्या ऐपतीने दिलेली भेट घेऊन वर आपण पैसे टाकायचे, म्हणजे तुमचे थोडे कमी पडले हो, असे तोंडाने न बोलता सांगणे झाले. मनीषा काही म्हणणार नाही. जावई तर "बाबा, आम्हालाच सुचायला हवे होते" म्हणून त्याच संध्याकाळी पैसे पाठवील, आणि ते अधिक वाईट. ही गोष्ट मी इथे कोणापाशी काढली तर मला हसतील. नानांची आठवण तुलाच आहे.

दुसरे कारण सुधा. वरचा सगळा हिशेब पोहणाऱ्या माणसाचा आहे आणि ती पोहत नाही. मांटाच्या सहलीला ती होडीतून माझे कपडे सांभाळणार. ऑल-इन्क्लुझिव्हचा तिला उपयोग किती, तर मुक्कामात संकष्टी येते, त्या दिवशी ती घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या लाडवावर राहणार; सी-प्लेनमध्ये वीस किलो सामान आणि पाच किलो हातातले एवढीच मर्यादा असताना त्यात तिने साबुदाणाही धरला होता, तो मी प्रयत्नपूर्वक काढवला. वाळू तिला घरात चालत नाही; किनाऱ्यावरच्या खोलीत ती दिवसातून तीनदा झाडू मागेल. जो समुद्र मी आत उतरून बघणार, तो तिला उतरल्यावाचून, पाय कोरडे ठेवून, पायाखाली दिसू शकेल असे ठिकाण त्या बेटावर एकच आहे, ती पाण्यावरची खोली. खोलीतल्या जमिनीला काचेचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याचे चित्र तिने फोनवर बोटांनी मोठे करून पाहिले आणि काही न बोलता फोन मला परत दिला. मागितले असते तर मी वाद घातला असता. तिने मागितले नाही, ही अडचण आहे.

त्यातून मी असा मार्ग काढला आहे की सुरुवातीच्या रात्री किनाऱ्यावर राहावे आणि पुढच्या थोड्या रात्री पाण्यावर. अशी वाटणी तिथे सर्रास करून मिळते आणि सामानही तेच हलवतात. परंतु शेवटच्या रात्रीचा काही भरवसा नाही. सी-प्लेन केवळ उजेडात उडते, परतीची वेळ आदल्या संध्याकाळी कळवतात, आणि ती पहाटेची निघाली तर तेवीस हजारांची सकाळ जेट्टीवर उभे राहून जायची. शिवाय खोली बदलण्याच्या दिवशी एक खोली बाराला सोडायची आणि दुसरी दोनला मिळणार, म्हणजे मधले दोन तास सुधा पर्स मांडीवर घेऊन लॉबीत बसणार. गुडघ्याचेही पाहावे लागेल, कारण त्या खोल्या लांबलचक लाकडी पुलाच्या टोकाला असतात. म्हणून मी काट्याला हात न लावता रिसॉर्टला सरळ मेल लिहिला आहे. मधल्या दोन रात्री, उगवतीच्या बाजूची, पुलाच्या अलीकडच्या टोकाची खोली करांसह कितीला देता, आणि खोलीपर्यंत बॅटरीची गाडी येते का, एवढेच विचारले आहे. उत्तर आलेले नाही. नकार आला तर पोहोचल्यावर काउंटरवर पुन्हा विचारीन. पावसाळ्यात तिथे भाव उतरतो असे ऐकतो, आणि समोर माणूस असला की मला घासाघीस बरी जमते. मनीषाला काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. रिसॉर्टनेच बदलून दिली असे सांगावे, असा सुधाचा सल्ला आहे.

तुझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले हे वहिनींकडून कळले. थेंब वेळेवर घालत जा. रोहितने नागपूरची नोकरी स्वीकारली ते उत्तम झाले, आणि गावाकडच्या जमिनीच्या कागदांवर सातबारा नीट पाहिल्याशिवाय सही करू नकोस; हवे तर मला पाठव.

बोलीची मुदत शनिवारी रात्री संपते. त्याआधी तुझे मत लेखी कळव, पण नानांचा मुद्दा धरून कळव. सुधाशी परस्पर बोलू नकोस.

तुझा,
माधव