काचेबाहेरची भेट पुरेशी नाही

अतिदक्षता विभागातील भेटींवरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. संसर्ग टाळण्यासाठी नातेवाइकांनी रुग्णाला काचेबाहेरूनच पाहावे, हे त्यातील मत पटले नाही. तोंडात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही. सलाईन लावलेल्या हाताची बोटे मात्र आपले बोट घट्ट धरतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू हर्टेन्स्टाइन यांच्या २००६ मधील प्रयोगात पडद्याआडच्या अनोळखी व्यक्तीने कोपराखाली नुसता स्पर्श केला, तरी राग, भीती, प्रेम, कृतज्ञता, सहानुभूती या भावना अनेकांनी ओळखल्या. शिवाय आपल्या त्वचेत हळुवार कुरवाळण्याला, म्हणजे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हाताला, सर्वाधिक प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू आहेत. आईचा हात तान्ह्या बाळावरून साधारण याच वेगाने फिरतो!

संसर्गाची भीती रास्तच आहे. म्हणून हात स्वच्छ धुऊन, गाऊन आणि मास्क घालून एका वेळी एकाच नातेवाइकाला आत सोडावे. सुई कुठे आहे, हात कुठे ठेवायचा, हे परिचारिकेने दाखवावे. जिथे वैद्यकीय कारणाने हे शक्य नाही, तिथे तसे स्पष्ट सांगावे. सरसकट बंदी नको.

– एक वाचक, सातारा