एप्रिलच्या तारखेला तिच्यासोबत कोण जाणार?

मा. मंत्री, महिला व बाल विकास,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी सरकारी ग्रँटवर चालणाऱ्या एका मदत केंद्रात कंत्राटी समुपदेशक आहे. नाव-गाव लिहीत नाही, कारण नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नवीन निघते आणि यंदाही ती निघायला हवीये.

आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे, त्यात जुने सलवार-कमीज, दोन गाऊन, लहान मुलींचे फ्रॉक आणि चपला ठेवलेल्या असतात. बलात्काराच्या केसमध्ये मेडिकल झालं की अंगावरचे कपडे पुरावा म्हणून सील होतात, मग ती बाई घरी काय घालून जाणार? याचं उत्तर मला आमच्या कुठल्याच बजेट हेडमध्ये सापडलं नाही, म्हणून कपाटातलं सगळं आम्ही आमच्या घरनं आणलंय. ते चालवून घेतो आम्ही, त्यासाठी हे पत्र नाही.

पत्र माणसांसाठी आहे. सरकारने 2013 ला बलात्कार, अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आणली, पुढे मदत 10 लाखांपर्यंत नेली, चांगलंच केलं. पण ते पैसे पीडितेचे, आणि ते मिळेपर्यंत फॉर्म भरायला, पोलीस स्टेशनला, दवाखान्यात, विधी सेवा प्राधिकरणात आणि मग कोर्टात तिच्यासोबत जे कोणीतरी बसलेलं असतं ना, त्या कोणीतरीचा पगार वेगळ्या ग्रँटमधून येतो आणि तिथंच सगळं गाडं अडतं. गेल्या वर्षीची यूसी (पैसे कुठं खर्च झाले याचं प्रमाणपत्र) गेली नाही म्हणून हप्ता येत नाही, यूसी का गेली नाही तर ऑडिट व्हायचंय, ऑडिट का नाही तर एका व्हाऊचरवर सही राहिलीये, आणि यात माझी एक सहकारी पाच महिने बिनपगारी काम करून शेवटी एका शाळेत क्लार्क म्हणून गेली. तिला कुठल्या तोंडाने थांब म्हणणार होतो आम्ही?

तिच्याकडे पोक्सोची, म्हणजे लहान मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची, एक केस होती, आता माझ्याकडे आलीये. फाईल उघडली तर त्यात तीन वेगवेगळी अक्षरं, माझं चौथं. मुलगी पहिल्या दिवशी माझ्याशी काही बोललीच नाही, फक्त विचारलं, "आधीची ताई कुठंय?" आणि मग म्हणाली, परत पहिल्यापासून सांगायचं का? मी नको म्हटलं, फाईलमध्ये आहे सगळं. फाईलमध्ये सगळं नव्हतं हे मला माहीत होतं.

पोक्सो कायदा म्हणतो, खटला शक्यतो एका वर्षात संपवा. प्रत्यक्षात किती लांबतो ते तुमच्या खात्यालाही ठाऊक आहे. 2020 च्या नियमांमध्ये मुलासोबत सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर सोबत राहणारा माणूस, देण्याची तरतूद आहे, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर जोर दिला. पण केस चालणार तीन-चार वर्षं आणि आमची ऑर्डर अकरा महिन्यांची, हे गणित मांडलं कुणी?

आणि हे आपल्या राज्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. 1984 ला टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, पोलिसांच्याच आवारात सोशल वर्कर बसवायची कल्पना इथली, बाकीच्या राज्यांनी नंतर उचलली. पैसा नाही असंही नाही. 2013 च्या केंद्रीय बजेटमध्ये महिलांच्या सुरक्षेसाठी निर्भया फंड 1000 कोटींनी सुरू झाला, त्यातूनच 2015 पासून वन स्टॉप सेंटर, म्हणजे पीडितेला सगळी मदत एकाच जागी देणारी केंद्रं, उभी राहिली, आणि गंमत बघा, तो फंड नॉन-लॅप्सेबल आहे. वरचा पैसा 31 मार्चला लॅप्स होत नाही, खालचा माणूस होतो.

मागणी मोठी नाहीये. मंजुरी एकदम तीन वर्षांची द्या, हिशोब दर सहा महिन्यांनी मागा, कडक मागा, आमची ना नाही. यूसी अडली तर चहापाण्याचा, प्रिंटिंगचा, बॅनरचा खर्च अडवा (बॅनरचा तर कायमचाच बंद केला तरी चालेल), पण समुपदेशकाचं मानधन त्या साखळीतून बाहेर काढा. आणि ज्याच्याकडे केस चालू आहे त्याची ऑर्डर निदान त्या मुलीची साक्ष होईपर्यंत तरी संपवू नका.

त्या मुलीची साक्ष एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तिने मला दोनदा विचारलंय, तुम्ही असाल ना. माझी ऑर्डर 31 मार्चला संपते, नवीन कधी निघेल ते ऑफिसात कुणालाच सांगता येत नाहीये. तिला काय सांगू ते कळवावं.

आपली,
एक कंत्राटी समुपदेशक