डोंगरातली जमीन विकायची असेल, तर गट नंबर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्यासह सगळ्याच दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत आता एक मजकूर ठरूनच गेला आहे: ‘डोंगरकुशीत फार्महाऊस प्लॉट, सोलापूरपासून पाऊण तासावर, ११ गुंठे, सातबारा नावावर, ५०० फूट बोअर, हप्त्याची सोय.’ बहुतेक जागा तुळजापूरच्या घाटाकडच्या, बार्शी-येडशी पट्ट्यातल्या, म्हणजे बालाघाटच्या उतारावरच्या असतात. काही मंगळवेढा-सांगोल्याच्या माळावरच्याही असतात. जाहिरातीत सगळे काही असते, फक्त जमिनीचा गट नंबर नसतो. तो नसल्यामुळे वाचकाला घरबसल्या काहीच तपासता येत नाही. मग तो थेट जागेवर जातो, श्रावणातला हिरवा डोंगर पाहतो आणि त्याच दिवशी इसार देऊन मोकळा होतो. यात फंडाची आयुष्यभराची रक्कम घालणारे शिक्षक आहेत, एसटीचे निवृत्त कर्मचारी आहेत. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

आधी ११ गुंठ्यांचा हिशेब पाहू. पाच एकरांचा गट म्हणजे २०० गुंठे. त्याचे ११ गुंठ्यांप्रमाणे १८ हिस्से पडतात. विकणारा नेमके हेच करतो. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलेले प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे स्वतंत्र तुकड्याचे किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. डोंगरउतारावरची जमीन जिरायतच असते. म्हणजे ११ गुंठ्यांचा स्वतंत्र तुकडा पाडता येत नाही. मग दस्त ‘अविभक्त हिस्सा’ म्हणून केला जातो आणि एका सातबाऱ्यावर अठरा नावे चढतात. चुन्याची फक्की मारून दाखवलेला ‘तुमचा प्लॉट’ कुठल्याही सरकारी नकाशात नसतो. पुढे वाटप मागायला गेले तरी प्रमाणभूत क्षेत्राची तीच अट आडवी येते. नावावर सातबारा आहे हे खरे, पण त्यावरून तुमची जागा कुठली हे कळत नाही.

बरे, २० गुंठे घेतले तर? दस्त होईल, तुकडाही स्वतंत्र होईल. पण शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० आर, साधारण एक एकर जमीन लागते. विकत घेता येणारे क्षेत्र आणि घर बांधता येणारे क्षेत्र हे दोन वेगळे आकडे आहेत. सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण खरेदीखत बिनबोभाट नोंदले जाते आणि घराचा प्रश्न वर्षभराने, परवानगी मागताना उभा राहतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. तिथे घर होईल की नाही, हे पाहणे त्याचे काम नाही.

खरेदीदार शेतकरी आहे का, हे त्याच्याही आधी पाहायला हवे. सोलापूर जिल्ह्यात कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर कलम ८४क खाली तहसीलदार तो व्यवहार अवैध ठरवू शकतात. घाट ओलांडून तुळजापूर तालुक्यात गेलात की जिल्हा धाराशिव होतो आणि कायदाही बदलतो. तिथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आहे. बंधन तसेच आहे, पण तहसील, निबंधक कार्यालय आणि जमिनींचा जुना इतिहास सगळेच निराळे. निजामाच्या काळातल्या मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या) इनामांच्या जमिनी त्या बाजूला बऱ्याच आहेत. देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली जमीन वहिवाटदाराच्या ताब्यात पिढ्यान् पिढ्या असली, तरी ती विकायचा हक्क त्याला नसतो. ‘सोलापूरपासून पाऊण तास’ एवढेच छापले की जमीन कुठल्या जिल्ह्यात आहे हेसुद्धा झाकले जाते.

गट नंबर मिळाला तर यातले पुष्कळसे १५ रुपयांत उलगडते. डिजिटल सहीचा सातबारा तेवढ्याला मिळतो. त्यात वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढचे वाचा. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. महार वतन, सीलिंगमधून (कमाल जमीनधारणा कायद्याखाली) वाटप झालेली, उजनी धरणग्रस्तांना पुनर्वसनात दिलेली अशा जमिनी या वर्गात येतात. ‘परवानगी नंतर काढून देतो’ या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नये.

मग क्षेत्राचा रकाना. डोंगरी गटात लागवडयोग्य क्षेत्र थोडे आणि पोटखराबा मोठा असतो. दोन हेक्टरच्या गटात ०.८० लागवडीचे आणि १.२० पोटखराबा, असे प्रमाण सहज आढळते. पोटखराब्यातही ‘अ’ आणि ‘ब’ असतात. वर्ग अ म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य जागा. ती निदान मालकाची असते. वर्ग ब म्हणजे नाला, रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. भाव मात्र सरसकट सगळ्या क्षेत्राचा लावला जातो. ‘इतर हक्क’ हा रकाना तर शब्द न् शब्द वाचावा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयीन दावा, वनविभागाचा शेरा, सगळे तिथेच असते. फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक उतरवून घ्यावेत आणि जुने फेरफार काढून पाहावेत. वारसनोंदीत भावांची नावे आहेत आणि बहिणींची नाहीत, असे दिसले तर थांबावे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि हक्कसोडपत्र झाले नसेल तर तो दावा जिवंत आहे.

डोंगर म्हटला की वनखाते आलेच. खासगी मालकीच्या सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यात किंवा १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात अडकू शकते. शिवाय आपल्या जिल्ह्यात माळढोक अभयारण्य आहे. १९७९ साली जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत माळावरची जागा पाहत असाल तर गट नंबर घेऊन वनविभागाच्या कार्यालयात जावे आणि लेखी उत्तर घ्यावे. ‘आता ते सगळं उठलंय’ असे एजंट म्हणतो. त्यावर भरवसा ठेवू नये.

आता प्रत्यक्ष जमीन. मोजणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण उतारावर टेप धरून मोजलेली जमीन कागदापेक्षा नेहमी जास्त भरते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र सपाटीचे, म्हणजे नकाशावर उतरवलेले असते. तीन फुटांना एक फूट चढ असेल तर उतारावरचे १०० फूट नकाशावर जेमतेम ९५ फूट होतात. त्या हिशेबाने टेपने मोजून दिलेला एकर प्रत्यक्षात ३८ गुंठ्यांचा असतो. एकराच्या भावात दोन गुंठे गेले. शेतघरासाठी लागणारी ४० आरची अटही त्यातच हुकते. म्हणून इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्यावी, लगतधारकांना नोटिसा गेल्या का ते पाहावे आणि खुणांवर दगड रोवून घ्यावेत. मोजणीची फी कोण भरणार यावर घासाघीस होते. ती खरेदीदाराने भरली तरी स्वस्त पडते.

उतार स्वतः तपासता येतो. दहा फुटांची सरळ पट्टी घ्या, पारदर्शक नळीत पाणी भरून तिची पातळी साधा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. दोन फूट आले तर चढ पाचास एक. त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगीची अडचण येते. शिवाय खालच्या बाजूला उंच दगडी धारकभिंत आलीच. तिला पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, तर मागचा मुरूम भिजून फुगतो आणि भिंत पोटातून बाहेर येते. उतारावर मुरूम लगेच लागतो, पाया सोपा जातो. पायथ्याच्या काळ्या रानात मात्र माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिथे पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. आणि ओघळीच्या तोंडावर घर बांधू नये, मग ती वर्षातले अकरा महिने कोरडी का असेना.

रस्त्याबद्दल जाहिरात ‘रस्ता आहे’ एवढेच सांगते. जीप जाते म्हणजे कायदेशीर रस्ता आहे असे होत नाही. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तो आपल्या गटापर्यंत पोचतो का ते पाहावे. पोचत नसेल, तर मधल्या मालकाकडून रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्यावा आणि तो खरेदीखतात लिहावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते. पण ती शेतीच्या गरजेपुरती असते, आणि मोटारी नेण्यासाठी ती रुंद करून मिळेल अशा भरवशावर जमीन घेऊ नये.

गटाच्या आतला रस्ताही क्षेत्र खातो. भरलेला १०,००० लिटरचा टँकर दहा टन तर पाण्याचाच असतो. ओल्या मुरमावर तो दहास एकपेक्षा जास्त चढ घेत नाही. शंभर फूट उंचावर घर हवे तर त्या चढाने हजार फूट रस्ता लागतो. बारा फूट रुंदीने हे १२,००० चौरस फूट, म्हणजे अकरा गुंठे झाले! हे क्षेत्र कोणाच्या हिश्शातून कापणार, हे विकणाऱ्याला विचारावे आणि उत्तर दस्तात घालून घ्यावे. टँकरचा विषय काढला, कारण तो लागणारच आहे.

सोलापूर पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस धरावा, तोही भरवशाचा नाही. आपला खडक बेसाल्ट आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उतारावर हा थर पातळ असतो आणि मुरलेले पाणी खाली वाहून जाते. म्हणून पायथ्याची विहीर टिकते आणि वरचा बोअर जानेवारीत धाप टाकतो. ‘५०० फूट बोअर’ ही खरे तर फुशारकीने छापण्यासारखी गोष्टच नाही. भूजल अधिनियम २००९ प्रमाणे ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेण्यास मनाई आहे. ५०० फूट जावे लागले याचा अर्थ वर पाणी लागले नाही. बोअर असेलच तर तो मे महिन्यात तपासावा. पंप सलग चार तास चालवावा आणि शेवटच्या तासात २०० लिटरचे पिंप किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. चार मिनिटे लागली तर ताशी ३,००० लिटर. पहिल्या अर्ध्या तासाची धार पाहून भुलू नये, ते बोअरमध्ये साठलेले पाणी असते.

छताचे पाणी जरूर साठवावे. हजार चौरस फुटांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-वाफ वजा जाता सुमारे ३७,००० लिटर हाती येते. चार माणसे आठवड्याला दोन दिवस राहिली तरी वर्षाला ५५,००० लिटरच्या आसपास लागते. पन्नास रोपे जगवायची, तर रोज १५ लिटरप्रमाणे नोव्हेंबर ते जून १,८०,००० लिटर. शेततळ्याशिवाय हे जमत नाही. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावते, पण मुरमात ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडते, म्हणजे तळे भरलेले असताना दिवसाला ९,००० लिटर. तळे कमी रुंद आणि जास्त खोल करता आले तर बरे. आंब्याच्या हौसेला आवर घालून सीताफळ, बोर, चिंच लावली तर पाण्याचा ताण निम्म्याहून कमी होतो. सीताफळ तर बालाघाटच्या खडकात आपोआप येते.

विजेबद्दल एकच. शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवता येत नाही. घरगुती जोडणी वेगळी घ्यावी लागते. खांब किती अंतरावर आहे ते पाहून खर्च आधीच विचारावा.

संपादक महोदय, जाहिरातदार जमीन कशी विकतो यावर आपले नियंत्रण नाही. पण छोट्या जाहिरातीच्या फॉर्ममध्ये काही रकाने वाढवणे आपल्या हाती आहे. शेतजमिनीची जाहिरात असेल तर ते भरल्याशिवाय ती स्वीकारू नये. शब्द फार वाढत नाहीत. नमुना असा: ‘मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा धाराशिव. गट नं. ____. वर्ग १. एकूण १.६० हेक्टर, पैकी पोटखराबा अ ०.७०. स्वतंत्र सातबारा. नकाशावर गाडीमार्ग. विहीर, मे अखेर पाणी नाही.’ अशी जाहिरात देणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही असे म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. पाणी नसलेला डोंगर घेणारेही असतात. त्यांना तो कोरडा आहे हे आधी कळले, तर ते भाव ठरवून, तळ्याचा खर्च धरून घेतात.

आपले,
सोलापुरातील काही निवृत्त भूकरमापक व महसूल कर्मचारी