अँटिबॉडीचा नवा लॉट भलत्याच जागी बँड दाखवतो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्लुटामेट-सिस्टीन लायगेजच्या अँटिबॉडीचा सदोष लॉट बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्याकडून वरील एन्झाइमला चिकटून ते ओळखणाऱ्या अँटिबॉडीची १०० मायक्रोलिटरची व्हायल घेतली. सशापासून बनवलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण), किंमत चाळीस हजारांच्या घरात. हीच अँटिबॉडी याआधी दोनदा घेतली होती आणि ती उत्तम चालली, म्हणून तर तिसऱ्यांदा तुमच्याकडेच आलो.

तुमच्या डेटाशीटप्रमाणे ब्लॉटवर (आकाराप्रमाणे प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) या एन्झाइमचा बँड, म्हणजे पट्टा, ७३ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) हवा. नव्या लॉटने तिथे काहीच दिसत नाही. ५५ च्या आसपास मात्र जाड, काळाकुट्ट बँड येतो. आपलंच चुकत असेल म्हणून जुन्या लॉटचे फ्रीजरमध्ये उरलेले शेवटचे ५ मायक्रोलिटर बाहेर काढले. यकृताच्या पेशींचे तेच नमुने एकाच जेलवर दोनदा भरले, जेलमधली प्रथिनं उतरवलेली मेम्ब्रेन मधोमध कापली, एका अर्ध्याला जुना लॉट लावला, दुसऱ्याला नवा. बाकी सगळं सारखं. जुन्याने ७३ ला एकच स्वच्छ बँड दिला, आणि सल्फोराफेन (ब्रोकोलीसारख्या भाज्यांतलं संयुग) दिलेल्या पेशींत तो ठळक झाला. तसाच व्हायला हवा, कारण सल्फोराफेनने हे एन्झाइम वाढतं. नव्याचा ५५ चा बँड सल्फोराफेन दिलं तरी तसाच, न दिलं तरी तसाच. तुलनेसाठी पाहिलेलं ॲक्टिन हे प्रथिन दोन्ही अर्ध्यांवर ४२ ला, सारखंच.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, "रत्नागिरीला पोचेपर्यंत पार्सल तापलं असेल, तुमच्याकडे वीजही जाते ना." हे मला फार लागलं. पार्सल मी कुरिअरवाल्यासमोर उघडलं, आतले गोठवलेले जेल पॅक दगडासारखे घट्ट होते. पावसाळ्यात वीज जाते हे खरं, पण आमचा फ्रीजर जनरेटरवर आहे आणि तापमानाची रोजची नोंद वहीत आहे. शिवाय तापून अँटिबॉडी खराब झाली असती तर ७३ चा बँड फिका पडला असता. ५५ ला इतका ठळक बँड कुठून आला असता?

आम्ही रातांब्याच्या सालीचा अर्क देऊन पेशींत ग्लुटाथायोन (पेशींना ऑक्सिडेशनपासून जपणारा रेणू) बनण्याची पहिली पायरी वाढते का, हे तपासतो आहोत. ती पायरी हेच एन्झाइम पार पाडतं. ताजे रातांबे एप्रिल-मेमध्येच मिळतात. त्या अर्कावरचे अकरा नमुने या व्हायलपायी वाया गेले, आणि आता पुढच्या हंगामाशिवाय ते पुन्हा होणार नाहीत.

मला पैसे परत नकोत, चालणारी व्हायल हवी. दुसऱ्या लॉटची पाठवा, आणि त्या लॉटचा तुम्ही स्वतः केलेला ब्लॉट सोबत द्या, डेटाशीटवरचा जुना फोटो नको. सोमवारी रवाना करा. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं. हाच लॉट ज्यांना ज्यांना गेला, त्यांनाही कृपया कळवा. जुने ५ मायक्रोलिटर उरले नसते तर ५५ चा बँड आम्हीही खरा धरून बसलो असतो.

मेम्ब्रेनच्या दोन्ही अर्ध्यांचे मार्करसकट पूर्ण फोटो, बिलाची प्रत आणि तापमानाच्या नोंदवहीची पानं सोबत जोडली आहेत.

आपली,
संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी