भूपाच्या गांधाराबद्दल

शहापूर, बेळगाव
श्रावण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून अस्वस्थ झालो. रियाजाची सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकलीस, ठरलेली बैठकही नाकारलीस. कारण काय, तर भूप रागाचा गांधार (ग) हवा तिथे लागत नाही. मनात ऐकू येतो तो आणि गळ्यातून निघतो तो, यांत केसभर अंतर राहतं, आणि तेच तुला छळतंय. ‘एवढं बारीक कोण ऐकतंय?’ असं तुला पुष्कळांनी म्हटलं असेल. मी म्हणणार नाही. तू ऐकतोस ना मर्दा, तेवढं पुरे.

तुझा कान खोटा नाही. अंतर मुळात हिशेबातच आहे. पंचमाची (प) कंपनं षड्जाच्या (सा) दीडपट. त्या पंचमाला षड्ज धरून पुन्हा दीडपट, असं बारा वेळा चढलं की फिरून षड्जावर यायला हवं. येत नाही. बारा वेळा दीडपट केल्यावर १२९.७५ पट होते आणि सात सप्तकं चढून मिळणारा षड्ज असतो १२८ पट. अर्धस्वराचा, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) दोन शेजारच्या पट्ट्यांतल्या अंतराचा, जवळजवळ चौथा हिस्सा उरतोच. दीडाला दीडाने कितीही वेळा गुण, दोनाच्या पटीत ते कधीच बसत नाही. जगातल्या कुणाच्याही गळ्याने ही फट बुजायची नाही.

बाजारातल्या बहुतेक पेट्यांत ती फट बाराही स्वरांत वाटून टाकलेली असते. पंचम त्यामुळे किंचित उतरतो, तो खपून जातो. गांधार मात्र अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याने चढा राहतो. तंबोरा नीट लागला, जवारी (घोडीवर तार घासून येणारा झणकार) खुलली, की खरजाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, तारेतून आपोआप गांधार बोलतो. तो ऐकून पेटीची पट्टी दाबली की दोन गांधार एकमेकांना घासतात. इतकी वर्षं पेटी वाजवतोय, अजून त्याचा संताप येतो.

१९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली, ती तीसेक वर्षं टिकली. बंदी घालणाऱ्यांच्या कानाचं म्हणणं मला पटतं, बंदी पटत नाही. आपले रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) पेटीवरच राहिले. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का? तरी आयुष्य त्यांनी तिलाच दिलं, बेळगावातल्या कितीतरी मुलांना शिकवलं.

आणि सुळेभावीत जन्मलेले कुमारजी, गायक कुमार गंधर्व. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद. पुढे गायले ते निराळंच. लोक म्हणतात, उणिवेचं बळ झालं. मला ते इतकं सोपं वाटत नाही. गेलेला दमसास परत मिळता तर ते नको म्हणाले असते का? उणीव उणीवच राहिली असणार, आणि तिच्यासकट ते गात राहिले.

आता तुझं. मोबाइलवर ट्यूनर लावून रियाज करतोस, ते आधी बंद कर. बहुतेक ट्यूनर पेटीचाच गांधार खरा धरतात. तुझा तंबोऱ्याशी अचूक मिळालेला गांधार त्यात उतरलेलाच दिसणार. त्याच्या नादी लागून चढवत नेलास तर असलेलाही हातचा जाईल. शिवाय तू गांधारावर थांबलास की लगेच तो तपासायला लागतोस, आणि पुढच्या रिषभाचं भान सुटतं. भूपात गांधार एकटा कधी असतो रे? रिषभावरून, पंचमावरून तू त्याच्याकडे कसा येतोस, तेही ऐक की.

गणपतीत आमच्या गल्लीत बैठक ठेवलीय. ये. मी पेटी काढणार नाही, तंबोऱ्यावर बसेन. मिरजेहून जवारी काढून आणलीय, तंबोरा तुझ्या पट्टीत, काळी एकला, लावून ठेवतो. या हवेत खुंट्या फुगतात, मधूनच थांबून तार लावावी लागेल, तेवढा धीर धर. भूपच गा. आरक्षण आजच कर, गणपतीत गाड्या भरून जातात.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पेटीवाला