नुसत्या स्लाइड नको गं

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल म्हणालीस ना की तुमचं ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे एक स्लाइड, खाली चार ऑप्शन, बरोबर आलं की पुढची स्लाइड. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात जन्म गेलाय माझा, मला गप्प बसवत नाही.

तू राहतेस त्या अमेरिकेतल्या अर्बानातच 1960 ला डोनाल्ड बिट्झरने प्लेटो सुरू केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर शिकवायची सिस्टिम, सुरवातीचा पैसा अमेरिकेच्या आर्मी नेव्ही एअर फोर्सचा. 1972 च्या सुमारास प्लेटो फोर आलं, केशरी प्लाझ्मा स्क्रीन, बोट टेकवलं की कळायचं त्याला, आणि आपल्याकडे त्या साली मुंबईत टीव्ही नुकता सुरू होत होता बघ! मग अर्पाने, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेने, ते टर्मिनल सैन्याच्या ट्रेनिंगला दिले, तुझ्या जवळच्या रँटूलला शनूट एअर फोर्स बेस होता तिथे गाड्या रिपेअर करणाऱ्या पोरांना त्यावर शिकवायचे.

1979 ला ओर्लान्स्की आणि स्ट्रिंग या दोन संशोधकांनी सैन्यातल्या अशा प्रयोगांचा हिशेब मांडला. मार्क वर्गात शिकलेल्यांइतकेच, वेळ मात्र साधारण 30 टक्के कमी. शिकणारा जवान पगारी, त्यामुळे सैन्याला तेवढंही पुष्कळ. पण त्यातला बराच वेळ प्रत्येकाला आपापल्या स्पीडने जाऊ दिलं म्हणूनच वाचला, ते तर मशीनशिवायही जमतं.

मला खरी आवडते ती सोफी, फॉल्ट शोधायला शिकवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टनची, सत्तरच्या दशकातली, हिलाही सैन्याचाच पैसा. कॉम्प्युटरमध्ये एक पॉवर सप्लाय, त्यात फॉल्ट टाकलेला, मुलगा साध्या इंग्रजीत टाइप करून विचारणार की इथे व्होल्टेज किती, ती रीडिंग देणार. मग तो म्हणाला अमुक ट्रान्झिस्टर गेलाय तर ती नुसतं चूक म्हणत नाही, तो खरंच गेला असता तर तू मघाशी घेतलेलं रीडिंग असं आलं नसतं हे दाखवते. आणि उगाच घेतलेलं रीडिंग असेल तर तेही सांगते, यातून नवीन काय कळलं तुला? अगं, लॅबमध्ये वीस पोरांच्या मागे उभं राहून मी हेच तर बोलायचे!

पुढे त्यात दोन टीमचा गेमपण होता, एकीने फॉल्ट टाकायचा दुसरीने शोधायचा. फॉल्ट टाकणाऱ्यालाच सर्किट जास्त कळतं असं माझं मत.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचं उत्तर दिलं तर नुसती लाल फुली येते का? साहेबाला विचार, आणि डेमोचं लॉगिन मिळालं तर मला पाठव, बाबांना नको, ते पासवर्ड हरवतात.

तुझी आई