गाळप परवान्याला गोवराच्या लसीची अट घाला : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ऊसतोड मजुरांच्या मुलांचे गोवर-रुबेला लसीकरण

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबात फेब्रुवारी ते जून या काळात जन्मलेलं मूल नऊ महिन्यांचं कधी होतं, हे एकदा बोटांवर मोजून बघा. नोव्हेंबर ते मार्च. ऐन गाळप हंगाम. गोवर-रुबेलाचा, म्हणजे एमआरचा पहिला डोस नऊ महिने भरले की द्यायचा असतो. नेमकं तेव्हाच ते मूल सांगली, सातारा, कोल्हापूरच्या नाहीतर पार कर्नाटकातल्या एखाद्या फडात पाचटावर खेळत असतं. गावच्या आशाताईच्या यादीत त्याचं नाव आहे, पण मूल गावात नाही. फडाजवळच्या आशाताईला मूल रोज दिसतं, पण तिच्या यादीत त्याचं नाव नाही.

मी साखरपट्ट्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. हे साध्या अर्जातही लिहिता आलं असतं. पण अर्जावर 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' असा शेरा पडतो आणि तो टेबलं फिरत राहतो, म्हणून उघड लिहिते आहे.

नऊ महिनेच का, हा प्रश्न मला कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतल्या, बायकांनीही विचारलेला आहे, आणि तो चांगला प्रश्न आहे. बाळ पोटात असताना आईच्या रक्तातली गोवराविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्याच्याकडे येतात आणि जन्मल्यावर काही महिने पुरतात. लसीत गोवराचा जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या शरीरात थोडासा वाढला तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. आईची प्रतिपिंडं भरपूर असताना टोचलं तर ती या दुबळ्या विषाणूचाही बंदोबस्त करून टाकतात आणि डोस फुकट जातो. उलट फार थांबलं, तर आईकडून आलेलं संपलेलं आणि लसीचं अजून मिळालेलं नाही, अशा उघड्या काळात मूल सापडतं. नऊ महिने हा या दोन्हींतून काढलेला मध्य. तरीही या वयात शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच पहिला डोस लागू पडतो. उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस असतो.

एकदा लागू पडला की शरीरात स्मृतिपेशी राहतात. पुढे खरा गोवर आला तर शरीराला सुरुवातीपासून तयारी करावी लागत नाही. गोवराला अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात, आणि एवढा वेळ त्या पेशींना भरपूर होतो. लस म्हणजे काय, तर आजार न भोगता त्याची ओळख करून घेणं. आजार भोगून ती ओळख करून घ्यायची झाली, तर गोवर त्याची किंमत फार घेतो. न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, अ जीवनसत्त्व कमी असलेल्या पोरांचे डोळे जातात. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाला तेव्हा त्यांच्या अंगातली इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर बरा झाला, दारावरचा कडुलिंबाचा डहाळा काढला, तरी मूल पुढे कित्येक महिने कशानेही आजारी पडू शकतं. अशा वेळी दोन महिन्यांनी आलेल्या न्यूमोनियाचा संबंध गोवराशी आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता टक्केवारीबद्दल. कुणालाच लस नसेल, तर गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देतो. खोकलेला माणूस निघून गेला तरी विषाणू बंद जागेतल्या हवेत दोन तास टिकतो, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी इतरांना आजार देत असतो. म्हणून शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असेल तरच साथ अडते आणि ज्यांना लस देता येत नाही अशी तान्ही बाळंही वाचतात. पण हे ९५ जिल्ह्याच्या सरासरीचे असून भागत नाही, साहेब. न टोचलेली पाच मुलं जिल्हाभर विखुरलेली नसतात, ती एकाच तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, एकाला एक लागून असलेल्या कोप्यांमध्ये राहतात. आढावा बैठकीत जिल्हा हिरव्या रंगात दिसतो आणि तळावर मात्र गोवराला रान मोकळं असतं. २०२२ साली मुंबईत गोवंडीला, मालेगावात, भिवंडीत जे घडलं, ते याच पद्धतीने घडलं. दाट वस्ती आणि एकाच ठिकाणी साठलेली राहून गेलेली मुलं. तेव्हा केंद्राचं पथक आलं, जादा डोस दिले, बाधित भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही टोचलं. साथ आल्यावर यंत्रणा उत्तम पळते, हे मी नाकारत नाही.

फडावरची अडचण कुठे येते, ते सांगते. पोलिओत आपण हेच तळ शोधून काढले होते. वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड, पालं, सगळ्यांच्या याद्या होत्या, एसटी स्टँडवर बूथ होते, करंगळीला शाई होती. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा रुग्ण सापडला नाही, तो त्या कष्टांमुळे. पण पोलिओचे दोन थेंब शिकवलेला कुणीही स्वयंसेवक पाजू शकतो. एमआर म्हणजे इंजेक्शन, ते सेविकेनेच द्यायचं. आणि ते पावडरच्या रूपात येतं. सोबतचं द्रावणही आधी थंड करून ठेवायचं, मग मिसळायचं, कुपीवर पेनाने वेळ लिहायची, कुपी आइसपॅकवर उन्हाआड ठेवायची आणि चार तासांच्या आत संपवायची. उरलं तर टाकून द्यायचं. यात जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते औषध नसतं, त्यामुळे शिळी कुपी जिवावर बेतू शकते. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, फोडलेली कुपी नीट ठेवली तर २८ दिवस चालते, एमआरची नाही.

मग पाच डोसांची कुपी आहे आणि तळावर एकच मूल सापडलं, तर? नियम सांगतो, एका मुलासाठीही फोडा. मासिक बैठकीत मात्र वेस्टेज, म्हणजे वाया गेलेले डोस, का वाढलं, हे सगळ्यांसमोर विचारलं जातं. एकदा असं विचारलं गेलं की सेविका पुढच्या वेळी आईला सांगते, "पुढच्या सत्राला घेऊन ये, अजून चारजण होऊ देत." पुढच्या सत्रापर्यंत टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते. जगातल्या कितीतरी देशांना जाणारी गोवराची लस पुण्यात बनते. तिथून दोन-चार तासांवरच्या फडातलं पोर चार डोस वाचवण्यासाठी परत पाठवलं जातं, हे मला आजही पटत नाही.

आणि सत्राची वेळ! सकाळी दहा वाजता उपकेंद्रात. टोळी पहाटे चारला फडात गेलेली. मी दुपारी तळावर गेले की म्हातारी, कुत्री आणि चुलीपाशी झोपलेली पोरं. टोचायचं कुणाच्या संमतीने? आई भेटते संध्याकाळी, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन, आणि तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो, "ताप येईल का?" तो अडाणीपणा नाही. पोराला ताप आला तर ती घरी राहणार, राहिली तर तिचा खाडा पडणार, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या, म्हणजे आधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या, हिशेबात धरणार. तिला पेंटाव्हॅलंटच्या वेळचा अनुभव असतो. त्यात डांग्या खोकल्याचा भाग असल्याने त्याच रात्री ताप येतो. एमआरचा ताप आलाच तर आठवडाभराने येतो, बहुतेकदा हलका, एखाद्या दिवसाचा. हे शांतपणे समजावून सांगितलं, पॅरासिटामॉल कसं द्यायचं ते दाखवलं, की बहुतेक आया पोराचा उजवा दंड पुढे करतात. मला तरी लसविरोधी माणसं फडात फार भेटली नाहीत. ती शहरात, मोबाइलवर जास्त भेटतात.

म्हणून माझी मागणी साखर कारखान्यांकडे वळते. कोणत्या मुकादमाचे किती कोयते (तोडणाऱ्या मजुरांच्या जोड्या) आले, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असतं. आज कुठली टोळी कुठल्या शिवारात आहे, हे चिटबॉयला, म्हणजे फडावर तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असतं. ही माहिती उसाच्या खेपेसाठी रोज गोळा होते, पोरांसाठी एकदाही होत नाही. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देतं, त्याला अटी असतातच. त्यात एक अट वाढवा. टोळी उतरल्यापासून पंधरा दिवसांत पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणि तळाचं ठिकाण तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यायचं, आणि सत्राच्या संध्याकाळी आईचा खाडा धरायचा नाही. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत, नोंद असली की बीडचं मूल कराडला टोचलं तरी दिसायला हवं. फक्त त्यासाठी नोंदवलेला मोबाइल आईजवळ असावा लागतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड कागदाचंच सोबत द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. आणि एमआरच्या वेस्टेजबद्दल सेविकेला जाब विचारायचा नाही, असं एका ओळीचं परिपत्रक आपल्या सहीने काढा. त्याला तर दुसऱ्या कुठल्या खात्याची परवानगीही लागत नाही.

गाळप कधी सुरू करायचं, हे ठरवायला मंत्री समितीची बैठक दरवर्षी पावसाळा सरता सरता होते. यंदा तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. सहकार खात्याशी आपणच बोलावं लागेल. तालुक्यातून ते जमत नाही, आम्ही करून पाहिलं आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका

ता. क. : संध्याकाळची सत्रं लावाल, तेव्हा सेविकेला परत आणायला गाडी द्या. अंधारात उसाच्या रस्त्याने, खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर अडकवून, एकट्या बाईला पाठवू नका. गाडी नसेल तर सत्र कागदावरच होईल, आणि त्यात तिची चूक नसेल.